शरदात खाजणातले पक्षी कसे बघायचे: आधी भरतीचा तक्ता, मग दुर्बीण

खाजणात किंवा खाडीकाठच्या चिखलात पक्षी बघायला जायचं असेल तर दुर्बीण पुसायच्या आधी भरती-ओहोटीचा तक्ता उघडा. जंगलात आपण पहाटे जातो कारण तिथले पक्षी पहाटे अ‍ॅक्टिव्ह असतात, पण इथे चिखलात चोच खुपसून खाणाऱ्यांचा दिवस सूर्यापेक्षा पाण्यावर जास्त चालतो, चिखल उघडा असेल तेव्हा जेवण आणि पाण्याखाली गेला की आराम, मग ती सकाळ असो, दुपार असो की मध्यरात्र. ओहोटीच्या ऐन तळाला पोचलात तर सगळे पक्षी लांब पाण्याच्या कडेला, नुसते ठिपके, आणि तुम्ही म्हणणार इथे काहीच नाहीये. त्याच जागी चार-पाच तासांनी तेच पक्षी दुर्बिणीत डोळा दिसेल इतक्या जवळ उभे असतात. म्हणून माझं ठाम मत आहे की खाजणात पक्ष्यांच्या मागे जायचंच नाही, बरोबर जागी आधी जाऊन बसायचं आणि पाण्याला त्यांना तुमच्याकडे आणू द्यायचं, बाकी या सगळ्या लेखात जे काही आहे ते यातूनच निघतं.

आता पाण्याचं थोडं समजून घेऊ. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, त्यामुळे वेळ रोज अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते. (मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती असते, म्हणून तक्ता नेहमी तुमच्या जवळच्या बंदराचाच बघा.) अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे बारकी भरती, आणि सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराची उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांमध्ये येतात. पाणी एकसारख्या स्पीडने चढत नाही हे पण लक्षात ठेवा, सहा तासांची भरती धरली तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकंच चढतं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन भाग, मग परत दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येऊन जातं, आणि पक्ष्यांची खरी हलवाहलव पण तेव्हाच होते. तक्त्यातला आकडा हा अंदाज असतो, समुद्राकडून जोराचा वारा असेल किंवा हवेचा दाब उतरलेला असेल तर पाणी लवकर आणि जास्त चढतं.

तर पोचायचं कधी? भरतीच्या वेळेच्या अडीच-तीन तास आधी. तेव्हा चिखल अजून बराच उघडा असतो, पक्षी पांगलेले असतात, तुम्हाला जागा शोधायला, ट्रायपॉड लावायला, गप्प बसायला वेळ मिळतो. मग पाणी त्यांना ढकलत ढकलत आणतं. आखूड पायांचे आधी सरकतात, लांब पायांचे गॉडविट आणि शेकाटे पोटापर्यंत पाण्यात उभं राहून अजून खात असतात, आणि शेवटी सगळे एखाद्या उंचवट्यावर, बांधावर, मिठागराच्या कोरड्या कप्प्यात किंवा खडकावर गर्दी करून उभे राहतात, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत. हीच त्यांची विसाव्याची जागा. भरती ओसरायला लागली की पहिला हातभर चिखल उघडला रे उघडला की सगळे उपाशी असल्यासारखे तुटून पडतात, हा अर्धा-पाऊण तास फार भारी असतो आणि बरेच लोक तोपर्यंत घरी निघून गेलेले असतात. थांबा. उधाण की भांग, कुठला दिवस बरा असंही विचारतात लोक. मोठ्या सपाट चिखलासाठी मध्यम भरती मला सगळ्यात आवडते, कारण फार मोठ्या उधाणात सगळंच बुडतं आणि पक्षी दुसऱ्याच कुठल्या तरी विसाव्याच्या जागी उडून जातात, तर अगदी बारक्या भांगात पाणी त्यांना तुमच्यापर्यंत ढकलतच नाही. गवताळ खाजणात मात्र उधाणच पाहिजे, त्याचं कारण पुढे येतंय.

सीझनचं बोलू. उत्तर गोलार्धात 'शरदातलं स्थलांतर' म्हणतात खरं, पण ते पावसाळ्याच्या भर मध्यातच सुरू होतं. आर्क्टिकमधला उन्हाळा इतका छोटा असतो की ज्यांची अंडी-पिल्लं वाया गेली ते जूनच्या शेवटीच परत निघतात, जुलै-ऑगस्टमध्ये बाकीचे वयाने मोठे पक्षी, बऱ्याच जातींत आई आधी निघते आणि बाप पिल्लांजवळ थांबतो, आणि मग ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबर-ऑक्टोबरभर या वर्षीची पिल्लं येतात. ती आईबापांशिवाय येतात! जन्मून दोन-तीन महिने झालेले, वाट कधी न बघितलेले, २५-३० ग्रॅम वजनाचे स्टिंट नावाचे चिमुकले पक्षी स्वतःच्या जोरावर खंड ओलांडून येतात, याचं मला दर वर्षी नव्याने आश्चर्य वाटतं. बदकांचा मोठा लोंढा आणखी मागून, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्यामुळे एकाच जागेवर सप्टेंबरच्या सुरुवातीला गेलात आणि नोव्हेंबरमध्ये गेलात तर दोन वेगळ्या जागा बघितल्यासारखं होतं, जमलं तर एकच जागा धरा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा, दर आठवड्याला नवीन स्पॉट शोधण्यापेक्षा हे शंभरपट शिकवतं.

हवामानाकडेही बघत चला. पाठीमागून वारा मिळाला की पक्षी निघतात, समोरून वारा किंवा पाऊस लागला की वाटेत जिथे असतील तिथे उतरतात, म्हणून रात्री पाऊस पडून सकाळी उघडलं असेल तर आळस करू नका.

बसायची जागा निवडताना उजेड हा पहिला मुद्दा. सूर्य पाठीशी पाहिजे. समोर सूर्य असला की ओला चिखल चमकतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात, मग पायांचा रंग लाल का हिरवा हे कळणारच नाही आणि अर्धी ओळख तर तिथेच असते. म्हणून तक्त्यात अशी भरती शोधा जी सकाळी असेल तेव्हा तुम्ही पूर्वेकडच्या काठावर, दुपारनंतरची असेल तर पश्चिमेकडच्या. दुसरा मुद्दा, आकाशाच्या बॅकग्राउंडवर तुमची आकृती उभी दिसता कामा नये, बांधाच्या माथ्यावर उभं राहण्यापेक्षा उतारावर किंवा झुडपाच्या पुढ्यात खाली बसा, बसलेल्या माणसाला पक्षी खूप लवकर मान्य करतात. तिसरा मुद्दा ऊन तापल्यावर उठणारी झळ, सकाळी दहा-अकरानंतर स्कोपमधून (ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण) लांबचं सगळं थरथरायला लागतं आणि महागातलं महाग भिंगही काही करू शकत नाही. ढगाळ दिवस खाजणात मला सगळ्यात चांगला वाटतो, रंग खरे दिसतात आणि झळ नसते.

सामान फार लागत नाही. दुर्बीण ८x४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. १०x पण चालते पण उघड्यावरच्या वाऱ्यात हात हलतो आणि दहापट हलतं. स्पॉटिंग स्कोप हा मात्र या जागेसाठी खरा फरक पाडतो, स्वतःचा नसेल तर कोणाकडे आहे त्याच्याबरोबर जा. २०-६० झूमचा असेल तर कायम २०-२५ वर ठेवून आधी सगळा चिखल डावीकडून उजवीकडे सावकाश चाळा, इंटरेस्टिंग काही सापडलं की मगच वाढवा, आणि ४० च्या वर बहुतेक वेळा नुसता अंधार आणि थरथर वाढते. वारा असेल तर ट्रायपॉडचे पाय आखूड ठेवा, मधला दांडा वर काढू नका, बसून बघा. कपडे मळकट रंगाचे, टोपी, पाणी, गमबूट, छोटी वही. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये. संध्याकाळी डास. एवढंच.

आता ओळखायचं कसं, कारण पहिल्यांदा बघणारा इथेच हार मानतो, समोर चारशे पक्षी आणि सगळे तपकिरी-राखाडी. रंगाच्या मागे लागू नका, रंग शेवटी. आधी एक जात पक्की करा जी तुमच्या जागेवर कायम असते, आणि तिला मोजपट्टी करा. माझी मोजपट्टी रेडशँक म्हणजे लाल पायांचा टिलवा, साधारण २८ सेंटिमीटर, लालभडक पाय, चोचीचं मूळ लाल, आणि उडाला की पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा जो लांबूनही चुकत नाही. एकदा हा डोळ्यात बसला की बाकीचे याच्यापेक्षा मोठे का लहान, चोच याच्यापेक्षा लांब का आखूड, असं बघता येतं. कर्ल्यू ५०-६० सेंटिमीटरचा दांडगा, डनलिन १६-२० चा, लिटल स्टिंट १२-१४ चा. लांबून एकट्या पक्ष्याचा साइज कधीच कळत नाही, शेजारी कोणी ओळखीचा उभा पाहिजे.

मग चालरीत बघा, माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण. प्लोव्हर म्हणजे चिखल्या चोच आखूड, डोळा मोठा, आणि त्यांची पद्धत ठरलेली, पळायचं, एकदम थांबायचं, वाकून टोचायचं, परत पळायचं, कारण ते डोळ्यांनी शिकार शोधतात. सँडपायपर कुळातले बहुतेक डोकं खाली घालून चालता चालता टोचत राहतात कारण त्यांचं काम स्पर्शावर चालतं, चोचीच्या टोकाला संवेदनशील पेशींचे खड्डे असतात, आणि रेड नॉटला तर वाळूत पुरलेल्या शिंपल्यांमुळे पाण्याच्या दाबात पडणारा फरकसुद्धा जाणवतो. गॉडविट शिवणयंत्राच्या सुईसारखा खालीवर खालीवर टोचत जातो. यातल्या बऱ्याच जणांना चोच चिखलात बंदच ठेवून नुसतं वरच्या चोचीचं टोक उघडता येतं, किडा आत पकडायला, स्कोप जवळ असेल तर चोच बाहेर काढताना हे दिसतं सुद्धा. अ‍ॅव्होसेट वर वळलेली चोच पाण्यात आडवी फिरवत चालतो. ग्रीनशँक उथळ पाण्यात माशांच्या मागे पळतो. टर्नस्टोन दगड, शेवाळ, शिंपले उलथून खाली काय आहे बघतो. सँडरलिंग लाटेच्या पुढे-मागे धावतो, आणि त्याला मागचं बोट नसतं. कॉमन सँडपायपर कडेकडेने एकटा, शेपटीकडचा भाग सतत खालीवर हलवत, आणि उडाला की पंख ताठ ठेवून पाण्याला लागून थरथरत जातो. पाच मिनिटं एकाच पक्ष्याकडे बघितलंत तर त्याचं नाव बहुतेक वेळा तोच सांगतो, पुस्तक फक्त खात्रीला.

चोचीचा आकार. कर्ल्यू आणि व्हिंब्रेल दोघांची खाली वळलेली, पण कर्ल्यूची खूप लांब आणि हळूहळू वळत जाणारी (मादीची नरापेक्षा लांब), व्हिंब्रेलची आखूड आणि टोकाजवळ जरा झटक्यात वाकलेली, शिवाय डोक्यावर गडद पट्टे. बार-टेल्ड गॉडविटची चोच किंचित वर वळलेली, ब्लॅक-टेल्डची जवळपास सरळ, आणि उडताना ब्लॅक-टेल्डच्या पंखावर ठसठशीत पांढरा पट्टा आणि शेपटी काळी, बार-टेल्डच्या पंखावर तसं काही नाही. उडताना बघायची सवय लावाच, बसलेला पक्षी जे लपवतो ते उडताना उघडं पडतं. ग्रे प्लोव्हर उडाला की काखेत काळा डाग. डनलिनच्या शेपटीच्या मुळाशी मधोमध काळी रेघ, कर्ल्यू सँडपायपरला तिथे स्वच्छ पांढरं. ग्रीन सँडपायपरच्या पंखाखाली काळपट, वूड सँडपायपरच्या पंखाखाली फिकट. ग्रीनशँकच्या पाठीवर पांढरा त्रिकोण वरपर्यंत चढत गेलेला.

आवाज शिका, खरंच शिका. लांबच्या थव्यातला वेगळा पक्षी कानालाच आधी कळतो. रेडशँक तीन सुरांत, पहिला उंच आणि पुढचे उतरते, ट्यू-हू-हू. ग्रीनशँक पण तीन पण तिन्ही एका पट्टीत, ट्यू-ट्यू-ट्यू. व्हिंब्रेल एका दमात सातेक भराभर शिट्ट्या. ग्रे प्लोव्हर लांबवलेलं उदास प्ली-ऊ-ई. वाऱ्यात आवाज ओळखणारी अ‍ॅप्स खाजणात बरीच चुकतात, त्यांच्यावर पूर्ण भरवसा टाकू नका.

आणि आता शरदाची खास गोष्ट, जी हिवाळ्यात गेलात तर मिळतच नाही. या दिवसांत एकाच जातीचे तीन वेगळे अवतार एका थव्यात दिसतात. आधी आलेले मोठे पक्षी उन्हाळी पिसांत पण झिजलेले, कर्ल्यू सँडपायपर आणि गॉडविटच्या पोटावर विटकरी रंगाचे तुकडे तुकडे, डनलिन आणि ग्रे प्लोव्हरच्या पोटावर काळे ठिगळ, मधेमधे हिवाळ्याची राखाडी पिसं उगवलेली. मागून आलेली पिल्लं मात्र एकदम टापटीप, सगळी पिसं एकाच वेळी उगवलेली त्यामुळे एकसारखी, प्रत्येक पिसाला फिकट कड, पाठ खवल्याखवल्यांची दिसते. लिटल स्टिंटच्या पिल्लाच्या पाठीवर पांढऱ्या रेघांचा 'व्ही' असतो, कर्ल्यू सँडपायपरच्या पिल्लाच्या छातीवर हलकी पीच रंगाची झाक. आणि ऑक्टोबर सरता सरता सगळेच वरून राखाडी खालून पांढरे. म्हणून पक्षी दिसला की 'कोण' याच्या आधी 'केवढ्या वयाचा' हे विचारायची सवय लावा, झिजलेला आहे का ताजा आहे, खवले आहेत का ठिगळं. हे जमलं की अर्धा गोंधळ आपोआप संपतो, शिवाय कुठल्या आठवड्यात पिल्लं किती आली यावरून उत्तरेत यंदा पिल्लं जगली की नाही याचाही थोडा अंदाज येतो.

बदकांचं उलटं असतं. विणीनंतर नर बदकं भडक पिसं टाकून मादीसारखी तपकिरी होतात, पंखांची मोठी पिसं एकदम गळल्यामुळे तीन-चार आठवडे उडताही येत नाही, आणि जी बदकं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच पोचतात त्यांच्यातले बरेच नर अजून त्याच मळकट वेषात असतात. तेव्हा चोच आणि मान बघा, थापट्या बदकाची फावड्यासारखी पसरट चोच आणि पिनटेलची लांब बारीक मान कुठल्याही पिसांत लपत नाही.

गवताळ भाग लोक सोडून देतात आणि मला याचं फार वाईट वाटतं. चिखलावर हजारोंचे थवे असतात म्हणून सगळ्यांचे स्कोप तिकडे, पण खारं गवत, लव्हाळे, आणि उष्ण किनाऱ्यांवर खारफुटी, यात पाणकोंबडीच्या नात्यातले रेल पक्षी वर्षभर अंग चोरून राहतात आणि दिसतात ते मोठ्या उधाणाला, कारण गवत बुडालं की त्यांना कडेला यावंच लागतं. अशा वेळी काठावर एकाच जागी बसून वाट बघा, पण लांबून, कारण त्या क्षणी त्यांना लपायला जागा नसते आणि हॅरियरसारखे शिकारी पक्षी, बगळे त्यांच्यावरच टपलेले असतात, आपण जवळ गेलो तर आपण त्यांना सरळ शिकाऱ्याच्या तोंडी देतो. ओहोटी लागल्यावर गवतातल्या चरांच्या ओल्या कडा एकेक करून बघा, रेल तिथे खायला उतरतात. संध्याकाळी बोरूच्या बेटांत पाकोळ्या आणि धोबी झोपायला येतात, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून बसलात तर आकाशात आधी पाच-दहा, मग मोजता येणार नाही इतक्या. सालिकॉर्निया नावाची खाऱ्या चिखलात येणारी मांसल वनस्पती शरदात लाल होते, तिच्या बिया खायला छोटे बीजभक्षक पक्षी जमतात, तोही कोपरा चाळा.

शिकारी पक्ष्यांची खबर थवे देतात. सगळा चिखल एकदम उडाला, घट्ट गोळा होऊन वळायला लागला तर दुर्बीण थव्यावर ठेवू नका, थव्याच्या वर बघा, बहिरी ससाणा बहुतेक तिथेच असतो. बदकं नुसती मान वर करून एकमेकांजवळ सरकली तर बऱ्याचदा हॅरियर गवतावरून खालून येत असतो. आणि नुसते तुमच्या जवळचेच उडाले, लांबचे खात राहिले, तर कारण तुम्ही आहात.

यावर जरा सविस्तर बोलायचंय. विसाव्याला बसलेला थवा एकदा उडवला तर काय होतं असं वाटतं, परत बसतात की. पण हे पक्षी इथे चरबी साठवायला थांबलेत. बार-टेल्ड गॉडविट लांब उड्डाणाआधी वजन जवळजवळ दुप्पट करतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सॅटेलाइट टॅग लावलेला एक गॉडविट अलास्काहून निघाला आणि ११ दिवस कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात पोचला, वय फक्त पाच महिने. वाटेत अन्न नाही, पाणी नाही, समुद्रावर उतरायची सोय नाही. अशा पक्ष्याला दिवसात चार वेळा विनाकारण उडवलं तर तेवढी चरबी कमी पडते, आणि ती कुठे कमी पडते, समुद्राच्या मध्यावर. म्हणून पक्ष्यांची बॉडी लँग्वेज वाचा, खाणं थांबलं, माना वर झाल्या, सगळे एका दिशेला चालायला लागले, रेडशँक ओरडायला लागला, की तुम्ही ऑलरेडी जास्त जवळ आलात, दोन पावलं मागे घ्या आणि खाली बसा. उडण्याची वाट बघू नका. फोटोसाठी थवा उडवणं, ड्रोन, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणं, मोकळा सोडलेला कुत्रा, हे काहीही चालणार नाही, यात मला कुठलीच तडजोड मान्य नाही.

स्वतःचा जीव पण सांभाळा. चिखलात उतरायची गरज जवळपास कधीच नसते, वर म्हटलं तसं पाणी पक्ष्यांना आणतं. तरी गवतातून वाटेने जायचं असेल तर आधी परत फिरायची वेळ ठरवा आणि सोबतच्याला सांगून ठेवा, कारण भरतीचं पाणी समोरून येताना दिसतं तसं येत नाही, ते आधी तुमच्या मागच्या चरांमधून भरतं आणि परतीची वाट तुटते, समोर अजून कोरडं दिसत असताना. एकटं जाऊ नका. पाय रुतलाच तर जोर लावून उपसू नका, जितका ओढाल तितका दुसरा पाय आत जातो, मागे रेलून बसा किंवा आडवे व्हा म्हणजे वजन पसरतं, पाय हळूहळू हलवत मोकळा करा, बूट आत राहिला तर राहू दे, हातापायांवर रांगत आल्या वाटेने परत. आणि मदतीला फोन लवकर करा, पाणी चढायच्या आधी.

घरी येऊन नोंद करा, आणि आकड्यासकट करा. मोजणं अवघड वाटतं पण पद्धत सोपी आहे, आधी दहा पक्षी खरोखर मोजा, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यात बसवा, मग तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा, मोठा थवा असेल तर शंभराचा तुकडा. विसाव्याला बसलेले असताना मोजणं सगळ्यात सोपं, उडता थवा असेल तर फोटो काढा आणि नंतर स्क्रीनवर मोजा. २००२ पासून चालू असलेल्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी टाकताना दिसलेले सगळे टाका, नेहमीचे बगळे पण, नुसते दुर्मिळ टाकले तर त्या यादीचा अभ्यासाला उपयोग कमी होतो. नेहमीच्या पक्ष्यांचे आकडे का लिहायचे असं वाटलं तर स्लेंडर-बिल्ड कर्ल्यूचं उदाहरण बघा, एके काळी भूमध्य समुद्राकाठच्या पाणथळींवर हिवाळ्यात थव्याने दिसणारा पक्षी, १९९५ मध्ये मोरोक्कोच्या मेर्जा झेर्गा या किनारी सरोवरावर शेवटचा पक्का दिसला, आणि २०२५ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. तो कमी होत होता तेव्हा पुरेशा ठिकाणी पुरेसे लोक मोजत नव्हते.

शेवटचं काम, पाय बघा. बऱ्याच पक्ष्यांच्या पायात रिंग किंवा रंगीत प्लास्टिकचा फ्लॅग असतो, आणि पूर्व आशिया-ऑस्ट्रेलेशिया या स्थलांतराच्या मार्गावर तर प्रत्येक भागाला रंग वाटून दिलेत, केशरी म्हणजे ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया, पिवळा म्हणजे वायव्य ऑस्ट्रेलिया. कुठल्या पायात, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर का खाली, कोणता रंग, त्यावर अक्षरं आहेत का, एकापेक्षा जास्त असतील तर वरचा कोणता खालचा कोणता, हे सगळं वहीत लगेच लिहा, लक्षात ठेवतो म्हणू नका, डावा-उजवा हमखास उलटा होतो. डावा म्हणजे पक्ष्याचा डावा. स्कोपला फोन लावून अंधुक का होईना फोटो काढा आणि तारीख-जागेसकट तुमच्या भागातल्या बँडिंग करणाऱ्या (पक्ष्यांच्या पायात रिंगा घालणाऱ्या) संस्थेला पाठवा. उत्तर यायला कधी कधी बरेच आठवडे लागतात, पण आलं की तो पक्षी कुठे पकडला होता, कोणत्या वर्षी, आणि मधे अजून कोणाकोणाला दिसला ते सगळं त्यात असतं.